रक्तवाहिनी चिमट्यात धरली की तिचं नेमकं काय होतं? (क्लॅम्पचा जोर, आतला थर वगैरे)

शंकासुर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. मी मेकॅनिकलवाला. डॉक्टरकीशी संबंध एवढाच की एका प्रोजेक्टमध्ये स्प्रिंगची बारकी क्लिप डिझाईन करायचं काम गळ्यात पडलंय, ऑपरेशन चालू असताना रक्तवाहिनी थोडा वेळ बंद ठेवायची आणि मग सोडून द्यायची, बास. मला वाटलं सोप्पं आहे, पाण्याच्या नळीला चिमटा लावतो तसं.

मग कागदावर हिशोब केला. धमनी ४ मिमी व्यासाची धरली. ती पूर्ण चपटी केली की रुंदी होते साधारण ६.३ मिमी (परीघाच्या निम्मी). क्लिपचा जबडा २ मिमी रुंद, म्हणजे दाब पडणारी जागा साडेबारा चौरस मिमी. आतलं रक्त १२० मिमी पाऱ्याने ढकलतंय म्हणजे १६ किलोपास्कल. गुणाकार केला तर उत्तर आलं ०.२ न्यूटन. म्हणजे फक्त २० ग्रॅमचं वजन!! दोनदा तपासलं. २० ग्रॅमने रक्त थांबतं? कपडे वाळत घालायचा चिमटासुद्धा याच्या कितीतरी पट जोर लावतो.

तर प्रश्न दोन. एक, हे बरोबर आहे का. दोन, जर एवढंच लागत असेल आणि खरे क्लॅम्प याहून खूप जास्त दाबत असतील तर वरचा सगळा जोर कुठे जातो, बिचारी धमनी तो सोसते का?

मी_वाचक
वाचनखूण साठवली. काहीही कळलं नाही पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी
शंकासुर, हिशोब चुकलेला नाही पण अपुरा आहे. मी रक्तवाहिन्यांचीच ऑपरेशन्स करतो म्हणून लिहितोय. तुम्ही फक्त रक्ताला अडवलंत, भिंतीला वाकवलं नाहीत. नळी चपटी होते तेव्हा दोन्ही टोकांना घडी पडते, कागदाची घडी घालतो तशी, आणि ती घडी पूर्ण मिटवायला वेगळा जोर लागतो, नाहीतर कोपऱ्यातून रक्त झिरपत राहतं. भिंत जाड असेल, आत कॅल्शियम साठलेलं असेल तर हा वेगळा जोर रक्ताच्या जोरापेक्षा मोठा होतो. पण तरीही तुमचा मुद्दा खरा आहे, लागतं थोडं आणि हाताने दिलं जातं पुष्कळ.

वरचा जोर कुठे जातो, तर भिंतीतच. आणि भिंत म्हणजे नुसतं रबर नाही हो. तीन थर असतात. बाहेरचा ॲडव्हेंटिशिया, चिवट, त्यात भिंतीच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा. मधला मीडिया, स्नायूपेशी आणि लवचिक तंतू. आणि सगळ्यात आत इंटिमा, जिच्यावर एंडोथेलियम नावाचा एकाच पेशीचा थर. एकच पेशी जाड! क्लॅम्पमध्ये समोरासमोरच्या भिंतींचे हे दोन थर एकमेकांवर दाबले जातात, आणि हात जरा हलला तर घासलेही जातात.

धमनी_बिमनी
+१ रात्रपाळी. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्या एकपेशी थराबद्दल मला बोलू द्या नाहीतर रात्री झोप लागणार नाही.

पूर्वी लोकांना वाटायचं की हा थर म्हणजे नळीच्या आतलं गुळगुळीत अस्तर, रक्त चिकटू नये म्हणून, संपलं. मग १९८० साली फर्चगॉट या शास्त्रज्ञाने दाखवलं की हे अस्तरच भिंतीला सैल पड म्हणून सांगतं. ते सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करायचे. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन टाकलं की जिवंत प्राण्यात रक्तवाहिनी सैल पडते पण त्यांच्या पट्ट्या उलट आखडायच्या, वर्षानुवर्षं हे कोडं. शेवटी लक्षात आलं की पट्टी तयार करताना आतली बाजू नकळत घासली जातेय. न घासता केलेल्या पट्ट्या छान सैल पडल्या. पुढे तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड हा साधा वायू आहे हे कळलं आणि १९९८ ला फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं.

आता गंमत बघा, या सगळ्या शोधाच्या मुळाशी काय आहे, तर हाताळताना झालेली जखम. क्लॅम्प तेच करतो. थर खरवडला गेला की तिथे नायट्रिक ऑक्साईड बंद, म्हणजे वाहिनी आखडते. खालचं कोलॅजेन (भिंतीतले चिवट तंतू) उघडं पडतं, त्यावर प्लेटलेट येऊन चिकटतात, गुठळीची सुरुवात. आणि हे झालं पहिल्या काही तासांचं. पुढे आठवडे-महिने मधल्या थरातल्या स्नायूपेशी आतल्या बाजूला सरकतात, वाढतात, आणि जिथे चिमटा लावला होता तिथेच आतून जाडी वाढून वाट अरुंद होऊ शकते. म्हणजे ऑपरेशन उत्तम, टाके उत्तम, आणि अडथळा टाक्यांपासून दोन बोटं लांब.

शंकासुर
बापरे. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मला दिलेल्या कागदावर फक्त "गळती नको" एवढंच लिहिलंय.

हिरवा_गाऊन
मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर लोक मोठं मोठं बोलतात पण एक साधी गोष्ट सांगते. आम्ही ज्या चिमट्याला ओटीत "आर्टरी" म्हणतो ना, आर्टरी द्या सिस्टर, आर्टरी द्या, ती आर्टरी चांगल्या आर्टरीला, म्हणजे धमनीला, कधीच लावायची नसते. नावच उलटं. ती चिरडायसाठी आहे, जी वाहिनी बांधून कायमची बंद करायची तिला. जी परत चालू करायची आहे तिला व्हॅस्क्युलर क्लॅम्प, तो वेगळ्या ट्रेमध्ये असतो आणि नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी दोन्ही हातात देऊन दात बघायला लावते. आर्टरीचे आडवे दात नुसते खरखरीत. डीबेकी नावाच्या व्हॅस्क्युलर क्लॅम्पला एका जबड्यावर दोन ओळी बारीक दात आणि दुसऱ्यावर एक ओळ जी त्या दोघांच्या मधे बसते, त्यामुळे धरतं पण चावत नाही.

आणि दुसरं, तो क्लॅम्प ट्यूबिंग धरायला, चादर अडकवायला वापरला की मी ओरडते. मग ओरडू दे. त्याचे जबडे एकदा तिरपे झाले की टोकाला फट राहते, रक्त येतं, मग डॉक्टर म्हणतात अजून एक क्लिक, आणि मागच्या बाजूला वाहिनी चिरडते.

रात्रपाळी
सिस्टर, दंडवत. "अजून एक क्लिक" हे सगळ्यात खरं वाक्य आहे या धाग्यातलं.

यंत्रवेडा
धाग्यात उशिरा आलो. शंकासुर भाऊ, इथे तुमच्या कामाची गोष्ट आहे ती सांगतो, बघा पटतंय का. क्लॅम्प दोन जातीचे. एक रॅचेटवाला, म्हणजे दांड्याला खाचा असलेला, क्लिक क्लिक करून लावायचा. त्यात तुम्ही खरं तर अंतर ठरवता, जोर नाही. जबड्यातलं अंतर ठरलं, आता मधे काय आहे त्यावर जोर किती हे ठरणार. पातळ मऊ वाहिनी असेल तर कमी, जाड कडक असेल तर तीच क्लिक कितीतरी जास्त. दुसरी जात स्प्रिंगवाली, बुलडॉग किंवा मायक्रोसर्जरीच्या बारीक क्लिपा. तिथे जोर स्प्रिंग ठरवते, मधे काहीही असलं तरी साधारण तेवढाच.

आणि यात आणखी एक मेख. जिवंत भिंत बरीचशी पाण्याने भरलेली, दाबून धरली की त्यातलं पाणी हळूहळू बाजूला सरकतं आणि तंतू सैलावतात. रॅचेटवाल्यात त्यामुळे काही मिनिटांनी जोर आपोआप उतरतो. सुरुवातीला गच्च होतं ते नंतर ढिलं. मग परत क्लिक. स्प्रिंगवाला मात्र मागे मागे येत राहतो, जोर सोडत नाही, भिंत पातळ पातळ होत जाते. कुठला चांगला हा प्रश्न नाहीये, दोघांचं वागणं वेगळं आहे हे डिझाईन करताना डोक्यात पाहिजे.

शंकासुर
यंत्रवेडा साहेब हे भारी आहे, मी इतके दिवस जोर आणि अंतर एकच समजत होतो. मग आकडा काय धरायचा वरच्या बाजूला? खालची मर्यादा मला कळली, वरची कोणी सांगेल का?

धमनी_बिमनी
मायक्रोसर्जरीत, म्हणजे तुटलेलं बोट वगैरे जोडताना मिलिमीटरभर जाडीच्या वाहिन्या असतात तिथे, एक आकडा शिकवतात: दर चौरस मिमीला ३० ग्रॅमच्या वर जाऊ नये.

शंकासुर
थांबा थांबा. १२० मिमी पारा म्हणजे दर चौरस मिमीला साधारण १.६ ग्रॅम. म्हणजे ३० पर्यंत जवळजवळ १८ पट जागा आहे! मग तर भरपूर झालं की, मी उगाच घाबरत होतो. मर्यादेच्या आतच कुठेतरी बसवून टाकतो आणि घरी जातो :)

रात्रपाळी
घरी जाऊ नका. तो ३० सरासरीचा आकडा आहे आणि वाहिनी सरासरीने मरत नाही. जबड्याची कड जिथे संपते तिथे भिंत एकदम दाबलेल्यातून न दाबलेल्यात जाते, सगळा ताण त्या रेषेवर. तसंच दातांचं. २ मिमी जबड्यावर अर्धी जागा दातांचीच टोकं असतील तर टोकाखाली दाब दुप्पट झाला. आणि ही मर्यादा निरोगी वाहिनीसाठी आहे. माझ्याकडे येतात त्या सत्तरीच्या, डायबेटिसच्या, विडीसिगारेटच्या धमन्या. आतून चुनखडी झालेली. त्यांना आकडे लागू होत नाहीत, तिथे बोटाने चाचपून ठरवावं लागतं.

उदाहरण देतो. मांडीतल्या धमनीत मागच्या भिंतीला कडक थर असतो आणि पुढची भिंत मऊ असते, हे नेहमीचं. अशा वेळी क्लॅम्प आडवा धरून बाजूने चेपला तर तो कडक पापुद्रा तुटतो, आतल्या आत भिंत सोलवटते. त्याऐवजी जबडे असे फिरवायचे की पुढची मऊ भिंत मागच्या कडक भिंतीवर जाऊन टेकेल. जोर तोच, दिशा वेगळी, निकाल जमीन-अस्मानाचा. आणि सगळीकडूनच दगड झाला असेल तर क्लॅम्प लावतच नाही, आतून फुगा फुगवून रक्त अडवतो. (फुगासुद्धा साधा नाही, जास्त फुगवला तर तोही तोच थर खरवडतो. आतून चिमटा म्हणा हवं तर.)

मी_वाचक
एक घरगुती शंका विचारू का, हसू नका. बाबांचं बायपास झालं, उत्तम आहेत. पण डिस्चार्जच्या कागदावर "क्रॉस क्लॅम्प टाईम ६८ मिनिटे" असं लिहिलंय. हा धागा वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. ६८ मिनिटं त्यांची मुख्य धमनी चिमट्यात होती??

रात्रपाळी
हसत नाही, चांगला प्रश्न आहे. आणि गोळा आणू नका.

इथे दोन नुकसानं वेगळी काढा. एक, चिमट्याखालच्या भिंतीला जे होतं ते, ज्यावर आपण इतका वेळ बोलतोय. दुसरं, चिमट्यापलीकडे रक्त न मिळाल्यामुळे अवयवाला जे होतं ते. कागदावरची मिनिटं दुसऱ्या प्रकाराची आहेत. तेवढा वेळ हृदयाला स्वतःचं रक्त मिळत नव्हतं म्हणून ते मोजतात. त्या वेळात हृदय पोटॅशियमवालं द्रावण देऊन, बहुतेक वेळा थंड करून, थांबवलेलं असतं म्हणजे त्याची गरजच उतरते. मेंदूला आणि बाकी अंगाला रक्त मशीन देत असतं, क्लॅम्पच्या पुढून. ६८ मध्ये घाबरण्यासारखं काहीही नाही.

महाधमनीच्या क्लॅम्पची खरी भीती मिनिटांची नसते, लावायच्या आणि काढायच्या क्षणाची असते. आत थर साठलेला असेल तर चेपताना त्याचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणून आधी महाधमनी बोटाने चाचपतात, काही जण थेट तिच्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघतात, आणि फारच खराब असेल तर धडधडत्या हृदयावर, क्लॅम्प न लावता बायपास करतात. बाबा उत्तम आहेत ना, मग झालं.

मी_वाचक
खूप धन्स डॉक्टर. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मला आधीच माहीत होतं.

धमनी_बिमनी
हाहा, बाबा लोक.

बायपासवरून आठवलं, अवांतर आहे पण संबंध आहे. पायाची शीर काढून हृदयाला लावतात तिला क्लॅम्पपेक्षा जास्त इजा पूर्वी तपासणीतच व्हायची. शीर काढली, गळते का बघायला सिरिंजने पाणी भरून फुगवायची. हाताने सिरिंज दाबली की दाब ३०० मिमी पाऱ्याच्या वर सहज जातो, आणि शिरेला आयुष्यभर सवय असते त्याच्या अगदी थोड्याशा दाबाची. आतला थर तिथेच गेला. म्हणून आता आजूबाजूच्या चरबीसकट, न फुगवता, चिमट्याने शिरेला न धरता काढायची पद्धत आहे, तिला नो टच म्हणतात. हा सगळा उपद्व्याप त्या एकपेशी थरासाठी.

यंत्रवेडा
एक शंका माझीपण. मग जबड्यांना मऊ रबर लावलं की प्रश्न मिटला ना? गादीवर दाबल्यासारखं. तशा इन्सर्टवाल्या क्लॅम्पा असतात असं ऐकलंय.

हिरवा_गाऊन
असतात की, फोगार्टी म्हणतो आम्ही. पण घसरतात. धमनी उडत असते ना, प्रत्येक ठोक्याला ओढ बसते. मऊ इन्सर्ट ओला झाला, वर रक्त, की सरकतो. मग घाबरून घट्ट लावतात. परत तेच.

रात्रपाळी
आणि सरकणं हे दाबण्यापेक्षा वाईट, हे यंत्रवेडा तुम्हाला जास्त कळेल. सरळ दाब एकपेशी थर बऱ्यापैकी सोसतो, घासणं सोसत नाही. फर्चगॉटच्या पट्ट्यासुद्धा घासल्यानेच बिघडल्या होत्या, दाबल्याने नाही. म्हणून क्लॅम्प लावल्यावर त्याला हँडलसारखं धरून वाहिनी इकडेतिकडे ओढू नये, हे ज्युनियर लोकांना दहा वेळा सांगावं लागतं. क्लॅम्प तसाच दगडासारखा लोंबकळत सोडला तरी त्याच्या वजनाने पीळ बसतो. टेकू द्यावा.

बोटबोल
सगळं वाचलं. मत वेगळं आहे म्हणून लिहितो, दिवे घ्या. मीपण सर्जन आहे, तीस वर्षं झाली. हे ग्रॅम आणि न्यूटन ठीक आहे हो प्रोजेक्टला, पण ओटीत कोण मोजतंय? एक क्लिक लावायची, पुढे नाडी बंद झाली का बोटाने बघायचं, झाली तर थांबायचं. नाही झाली तर दुसरी. लागणाऱ्या जोराचं सगळ्यात चांगलं यंत्र बोट आहे. आमच्या हातून हजारो वाहिन्या गेल्या आणि बहुतेक सगळ्या चालू आहेत.

धमनी_बिमनी
बोटबोल, आदर आहे, पण "चालू आहेत" आणि "निरोगी आहेत" यात फरक आहे. क्लॅम्पखालचा थर गेलाय हे बोटाला कळत नाही, त्या दिवशी रक्तप्रवाह झकास असतो. ते कळतं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, किंवा तो तुकडा द्रावणात टांगून ॲसिटिलकोलीन दिल्यावर तो सैल पडतो की नाही यावरून. माणसाची वाहिनी कापून तसं बघता येत नाही म्हणून बरंचसं ज्ञान प्राण्यांवरचं. तुमचं बोट गळती पकडतं, इजा पकडत नाही.

बोटबोल
हे मान्य. पण मग उपाय काय, प्रत्येक क्लॅम्पला काटा बसवू?

रात्रपाळी
मधलं बोलतो. बोटबोल सर बरोबर आहेत की नाडी बंद झाली तिथेच थांबायचं, तो नियम मी पण पाळतो आणि तो बऱ्यापैकी राखतो आपल्याला. पण हल्ली दुर्बिणीतून आणि रोबोटवर करतो तेव्हा बोट आत नसतंच. लांब काठीच्या टोकाला क्लॅम्प, घर्षणात निम्मी जाणीव हरवते, आणि रोबोटवर तर बहुतेक वर्षं जाणीव शून्य होती, डोळ्यांनी बघून जोर ओळखायचा. जोर हाताला जाणवू देणारं दा विंची ५ हे रोबोट मशीन अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं, म्हणजे आत्ता आत्ता. जिथे बोट नाही तिथे आकडा लागणार सर.

मेंदूवाले तर आधीपासून आकड्यांवर चालतात. त्यांच्या ॲन्युरिझमच्या (धमनीला आलेल्या फुग्याच्या) क्लिपांचा जोर ग्रॅममध्ये ठरलेला असतो. तात्पुरती क्लिप कायमच्या क्लिपपेक्षा मुद्दाम बरीच सौम्य, आणि चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून यासरगिल नावाच्या क्लिपांमध्ये तात्पुरत्या सोनेरी रंगाच्या. कायमचीने गळा आवळायचा असतो, तात्पुरतीने नुसता हात धरायचा असतो.

बोटबोल
सोनेरी रंगाचं आवडलं. बाकी माझं बोट मी रिटायर करणार नाही.

शंकासुर
चार दिवसांनी येतोय. कॉलेजच्या लॅबमध्ये पातळ सिलिकॉन नळी, वर पाण्याची बाटली टांगून १६० सेंमी उंचीवर (तेवढ्या उंचीचं पाणी म्हणजे जवळपास १२० मिमी पारा), आणि जबड्यावर वजनं ठेवत गेलो. रात्रपाळी डॉक्टर म्हणाले तेच झालं. २० ग्रॅमवर मधला भाग बंद झाला पण दोन्ही कोपऱ्यातून थेंब थेंब चालूच. ते थेंब थांबवायला हिशोबाच्या कितीतरी पट वजन चढवावं लागलं. म्हणजे सगळा जादाचा जोर मी दोन कोपऱ्यांसाठी लावतोय आणि त्याचा मार बसतोय मधल्या भागाला, ज्याला गरजच नव्हती!

म्हणून आता जबडा सपाट न ठेवता दोन्ही टोकांना किंचित फुगीर करायचा विचार आहे, कड गोल, दात नाहीतच, वरून बारीक खरबरीत पोत. काय वाटतं?

यंत्रवेडा
कल्पना झक्कास पण नळी प्रत्येक वेळी बरोबर मधे बसली पाहिजे मग. सरकली तर फुगीर भाग मधोमध येणार आणि कोपरे उघडे.

रात्रपाळी
यंत्रवेडांशी सहमत. आणि सिलिकॉनची नळी तुम्हाला खोटं सांगतेय थोडं, तिची भिंत कडक असते. जिवंत धमनीची घडी एवढी हट्टी नसते, निरोगी असेल तर. शिवाय खऱ्या ऑपरेशनमध्ये आधी हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं असतं, कोपऱ्यातून एखादा थेंब गळलेला परवडतो. शेवटचा थेंब बंद करायच्या नादात जो जोर लागतो तोच घातक असतो. तुमच्या त्या कागदावरचं "गळती नको" खोडा आणि "कामाला अडथळा होईल इतकी गळती नको" असं लिहून घ्या वरिष्ठांकडून.

हिरवा_गाऊन
आणि धुतल्यावर, ऑटोक्लेव्ह केल्यावर (वाफेने निर्जंतुक केल्यावर) जोर तेवढाच राहतो का ते बघा शंकासुर. स्प्रिंग थकते. आमच्याकडे बुलडॉग वर्षानुवर्षं वापरतात, नवा आणि जुना एकाच डब्यात, दिसायला सारखे. मी हाताने दाबून वेगळे काढते. रॅचेटवाले मिटवून उजेडासमोर धरते, मधून फट दिसली की बाजूला. तुमच्या क्लिपवर किती वेळा वापरायची ते कोरून ठेवा हो, कागदावर लिहिलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही.

शंकासुर
सिस्टर, हे तर स्पेसिफिकेशनमध्ये पहिल्या ओळीत टाकतो. "थकलेली स्प्रिंग" साठी काहीच विचार केला नव्हता. कोरायला जागा १ मिमी आहे पण बघतो, नाहीतर रंगाची खूण करू, सोनेरी सोडून दुसरा कुठलातरी.

रात्रपाळी
शिरेवर पण चालवून बघा एकदा. भिंत इतकी पातळ की दाब लागतच नाही, पण क्लिप काढताना चिकटून आलेली भिंत फाटते. धमनीवर पास झालेल्या बऱ्याच गोष्टी तिथे नापास होतात.